वडिलांवर निघालेला सिनेमा

माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, शहाद्यातल्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पुढे त्याच बँडचे मास्तर झाले. तापीकाठच्या चांगल्या शेतीवाल्या घरातला मुलगा असलं काही करत नाही, त्यामुळे गावात त्यांची ओळख दोन तऱ्हांनी करून दिली जायची. ज्यांना त्यांचं वाजवणं आवडायचं ते म्हणायचे, मास्तर. बाकीचे म्हणायचे, अमक्यांचा तो बँडवाला मुलगा. आप्पांची सत्तरी उलटली तरी त्यातला ‘मुलगा’ काही सुटला नव्हता.

त्यांच्यावर सिनेमा निघेल असं कुणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं. एका लग्नात कुणीतरी मोबाइलवर त्यांचं वाजवणं टिपलं. ते फिरत फिरत पुण्याच्या एका दिग्दर्शकापर्यंत गेलं, आणि एका हिवाळ्यात तो माणूस आमच्या ओट्यावर येऊन बसला. चाळिशीच्या आतबाहेर, खांद्यावर कापडी पिशवी, बोलायला अगदी मऊ. मायने चहा दिला तर कप स्वतः विसळून ठेवला. मायला तेवढ्यावर तो आवडून गेला.

“मला माहितीपट नाही करायचा, मास्तर,” तो म्हणाला. “मोठा सिनेमा करायचाय. तिकीट काढून लोक बघतील असा.”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी लोणखेड्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, लग्न केलं नाही, आईवडिलांजवळच राहते. घरात बाहेरचं काही आलं की आधी माझ्याकडे बघायची दोघांची सवय. मी मान हलवली. आप्पा हरखले. म्हणाले, “जेवाले थांबा.”

आप्पांना सिनेमाचं वेड होतं. त्यातही गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसावरचा सिनेमा असला की तो त्यांनी सोडला नाही. भाषा कुठलीही असो. पण ते गप्प बसून बघत नसत. पडद्यावरचा माणूस वाद्य ओठाला लावून माना डोलवायला लागला की आप्पा खाटेवरून म्हणायचे, “यानी श्वास कव्हय लिधा?” मी आधी हसायचे. मग मलाही दिसायला लागलं. सिनेमातली ही माणसं श्वास घेतच नाहीत. दुसरी तक्रार अशी की वाजवणं पुरं होऊ देत नाहीत. जरा सुरू झालं की टाळ्या वाजवणारे लोक दाखवायचे, मग डोळे पुसणारी आई, मग पेपरात छापून आलेला फोटो. आप्पा वैतागायचे, “आरे, त्याले पुरं वाजाडू तं द्या!”

एकदा मी विचारलं होतं, “मग आप्पा, वाजवणाऱ्यावरचा चांगला सिनेमा कसा पाहिजे?”

 आप्पा म्हणाले, “त्याले जे ऐकू येस ना, ते आपले ऐकू येवाले पाहिजे.”

त्याला जे ऐकू येतं ते आपल्याला. मला तेव्हा ते बोलणं साधं वाटलं. पुढे जे झालं त्यात मी या वाक्याशी किती वेळा झटापट केली सांगता येत नाही.

दिग्दर्शक बसस्टँडजवळच्या लॉजवर उतरला होता. रोज सकाळी यायचा आणि प्रश्न विचारायचा. आप्पा सांगत सुटायचे. घरी वाजवायची सोय नव्हती म्हणून केळीच्या बागेत जाऊन कसे वाजवायचे, ओल्या पानांमुळे आवाज कसा दबून जायचा आणि म्हणून त्यांच्या फुंकीत जोर कसा आला. मिरवणुकीत चालता चालता वाजवताना रस्त्यातला खड्डा तळपायाला आधी कसा कळतो. नवरी निघताना वाजवायची एक धून त्यांनी स्वतः बसवली होती. ती वाजवताना नवरीच्या बापाकडे बघायचं नाही, नाहीतर फुंक तुटते, हेही सांगितलं.

“मास्तर, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ कुठला?” दिग्दर्शकाने विचारलं.

“दात पडनात तो,” आप्पा म्हणाले.

दिग्दर्शक हसला. आप्पा हसले नाहीत. क्लॅरिनेटची तोंडी वरच्या दातांवर टेकते. समोरचे दात गेले आणि आप्पांचं वाजवणं गेलं. कवळी बसवली तर आवाज कवटीत घुमेना, दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायला लागला. जवळपास वर्षभर ते बँडबरोबर नुसते चालायचे, हाताने ठेका द्यायचे, आणि दुपारी बागेत जाऊन नव्या दातांशी भांडायचे, फुंक परत बसेपर्यंत. त्या वर्षी ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत. ते मी पाहिलं आहे. दिग्दर्शकाने ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि दारू वगैरे? किंवा घरात काही?”

“नही भो,” आप्पा म्हणाले. त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं, पाहुण्याला हवं ते घरात नसल्यावर होतं तसं.

मग आजोबांचा विषय निघाला. माझ्या आजोबांना मुलाचं बँडमध्ये जाणं आवडलं नव्हतं. पण ते त्यावर एक शब्दही बोलले नाहीत, कधीच नाही. आमच्या गल्लीतून वरात आली आणि त्यात आप्पा असले की आजोबा ओट्यावरून उठायचे, धोतर झटकायचे आणि आत जायचे. वरात पुढे गेली की परत येऊन बसायचे. अशी कितीतरी वर्षं गेली. मग एकदा वरात आली आणि आजोबा उठले नाहीत. बसून राहिले. बस, इतकंच. आप्पा म्हणाले, त्या दिवशी ते घरासमोर थोडं जास्त वेळ थांबले, बाकीचा बँड पुढे निघून गेला तरी.

हे सांगताना आप्पांचा आवाज खाली आला. मला वाटलं, सिनेमा इथेच आहे. दिग्दर्शकही म्हणाला, “वा.”

तो पुण्याला गेला आणि लिहायला बसला. ठरलं असं की दिवाळीनंतर चित्रीकरण, त्याआधी आप्पांना मुंबईला नेऊन त्यांचं वाजवणं नीट रेकॉर्ड करायचं. त्या एका मोबाइलशिवाय आजवर ते कुठे रेकॉर्ड झालंच नव्हतं. रस्त्यावरच्या बँडचं कोण करतं? आप्पांनी नव्या रीड मागवल्या, म्हणजे तोंडीला बांधायच्या वेताच्या त्या पातळ पट्ट्या. पाण्यात भिजवून, घासून, त्यातल्या जमतील तेवढ्या तयार केल्या.

उन्हाळ्यात, लग्नसराई संपत आली तेव्हा, एका सकाळी आप्पांच्या हातातून चहाची बशी सुटली. मायला वाटलं, चटका बसला. ते एका अंगावर कलत गेले. नंदुरबारला नेलं, तिथून सुरतला. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “त्यांना बरंचसं समजतंय. पण शब्द बाहेर यायला वेळ लागेल. कदाचित येणारही नाहीत.”

एक शब्द मात्र राहिला. चाल. बँड सुरू करताना मास्तर ओरडतात तो. भूक लागली तरी चाल, लघवीला जायचं तरी चाल, दुखलं तरी चाल. हो आणि नाहीची मानही त्यांची गोंधळून गेली होती. हो म्हणायचं असताना आडवी हलायची आणि मग स्वतःच चिडायचे. मी त्यांना अक्षरं लिहिलेला पुठ्ठा करून दिला, डाव्या हातात खडू दिला. त्यांनी खडूकडे बघून तो खाली ठेवला. अक्षरंही गेली होती.

मला वाटलं, सिनेमाचा विषय संपला. पण दिग्दर्शक धावत आला. आप्पांजवळ बसून खरंखुरं रडला. मग मला म्हणाला, “ताई, आता तर करायलाच हवा.”

त्याने पटकथा आणली होती. अंगणात आप्पांच्या खाटेजवळ बसून त्याने ती वाचून दाखवली. माय तांदूळ निवडत होती. मी ऐकत होते.  सिनेमातले आजोबा क्लॅरिनेट चुलीत फेकत होते. सिनेमातले आप्पा दारू पीत होते, एका लग्नात मिरवणुकीतच कोसळत होते. सिनेमातली माय लहान मुलीला कडेवर घेऊन माहेरी निघून जात होती. शेवटी मुंबईच्या मोठ्या मंचावर आप्पा वाजवत होते आणि सभागृह उभं राहत होतं. आप्पा मुंबईला आयुष्यात एकदाच गेले होते, माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला.

मायने तांदळाचं ताट खाली ठेवलं. “मी कव्हय गयथू माहेरले?”

“काकू, तुम्ही नाही हो. ती सिनेमातली बाई आहे,” दिग्दर्शक म्हणाला.

“मंग तिले नवरा बी दुसरा द्या ना भाऊ.”

तो हसला, पण मनापासून ओशाळला. माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, अख्खं आयुष्य दोन तासांत बसवायचंय. आजोबा ओट्यावरून उठून आत जातात, हे मी कसं दाखवू? बघणाऱ्याला काय कळणार? सहा महिने मी या सिनेमासाठी दारोदार फिरतोय. जो तो विचारतो, यात घडतं काय?”

“दात पडतात,” मी म्हणाले.

“ते आहे ना! मारामारीत पडतात.”

 तो वाईट माणूस नव्हता, हीच अडचण होती. वाईट असता तर भांडता आलं असतं. तो आप्पांच्या खाटेशी वाकला आणि त्यांचा डावा हात हातात घेऊन म्हणाला, “मास्तर, करू ना असा?”

आप्पांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. म्हणाले, “चाल.”

त्याचे डोळे भरून आले. त्याने आप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“सर, त्यांना पाणी हवं असलं तरी ते चाल म्हणतात,” मी म्हणाले.

“ताई, मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.”

 मी त्याच रात्री मायशी बोलले, थांबवू या का म्हणून. माय म्हणाली, त्यांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय, त्यांनी शब्द दिलाय, त्यांची हौस आहे. हौस ज्या सिनेमाची होती तो हा नव्हे, हे मला दिसत होतं. पण आप्पांना काय हवं आहे हे मी तरी कुठून सांगणार होते? दिग्दर्शकाने त्यांच्या डोळ्यांत एक वाचलं, मी दुसरं वाचत होते. दोघांच्याही हातात ‘चाल’ हा एकच शब्द होता.

मी संवादांमधली अहिराणी दुरुस्त करून दिली. तेवढंच माझ्या हातात होतं. माझ्या आईला सोडून जायला लावणारी वाक्यं निदान आमच्या बोलीत बरोबर असावीत, म्हणून मी ती नीट केली.

दिवाळीनंतर आप्पांचं काम करणारा नट आला. तरुण, अबोल, नागपूरकडचा. तो आठवडाभर रोज आमच्याकडे येऊन क्लॅरिनेट शिकत बसला. त्याला आवाज काढायची गरज नव्हती. आवाज मुंबईतला एक वादक देणार होता. पण तो म्हणाला, वाद्य नुसतं खोटं धरणं मला जमत नाही. पहिल्या दिवशी त्याने गाल फुगवून फुंक मारली तेव्हा आप्पा खाटेवरून पुढे झुकले आणि डाव्या हाताने त्याचा गाल आत दाबला. आजारपणानंतर आप्पा पहिल्यांदाच आपणहून कुणाकडे झुकले होते. माय माझ्याकडे बघायला लागली. पुढचे दोन-तीन दिवस घरात काहीतरी वेगळं होतं. आप्पा सकाळी लवकर दाढी करून घ्यायचे आणि दाराकडे बघत बसायचे. तो वाजवायचा, आप्पा मांडीवर ठेका धरायचे. तो विचारायचा, “मास्तर, बरोबर?” आप्पा म्हणायचे, “चाल.” चुकलं तरी चाल, जमलं तरी चाल. मग त्याने शब्दाकडे लक्ष देणं सोडलं आणि बोटांकडे बघायला लागला. बोटांना कळत होतं. ठेका थांबला की चुकलं.

एका दुपारी तो नवरी निघतानाची ती धून वाजवत होता. मोबाइलवर जी होती ती ऐकून ऐकून बसवलेली. बऱ्यापैकी आली होती. आप्पा ऐकत होते. एकाएकी त्यांनी हात वर केला. “चाल,” म्हणाले. तो थांबला. आप्पांनी कानाकडे बोट केलं, मग दाराकडे, मग त्याच्याकडे. “चाल. चाल. चाल!”

मी धावले. पाणी दिलं, त्यांनी बाजूला सारलं. चष्मा दिला, नको. पंखा बंद केला. खिडकी उघडली. नवी रीड दिली, जुनी दिली. बँडची टोपी आणली. त्यांच्या गुरूंचा भिंतीवरचा फोटो काढून समोर धरला. त्यांनी फोटोकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“हळू वाजवायचं का आप्पा? जोरात? त्याने इथून उठून वाजवायचं? कुणाला बोलावू?”

प्रत्येक वेळी मान कशीतरी हलायची, हो की नाही कळायचं नाही. नट उठून दारात जाऊन उभा राहिला, तिथून वाजवलं. आप्पांनी डोळे मिटून ऐकलं. माझ्या मनात आशा आली. मग त्यांनी डोळे उघडले आणि परत तोच हात. कान. दार. तो. त्यांच्या कपाळाची शीर फुगली होती, तोंडाच्या कडेने लाळ येत होती. माय म्हणाली, “राहू द्या आते. राहू द्या ना.” पण ते राहू देईनात. जे सांगायचं होतं ते त्यांच्या अगदी ओठांशी होतं, आम्ही तिघं त्यांच्या समोर होतो, दिवसाचा लख्ख उजेड होता, आणि ते आमच्यापर्यंत पोचत नव्हतं.

शेवटी त्यांचा हात आपोआप खाली आला. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

नट बाहेर पायरीवर बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले.

“माझं काहीतरी चुकतंय ते त्यांना दिसलं,” तो म्हणाला. “ते मला कधीच कळणार नाही.”

“कदाचित काही बरोबर आलं असेल,” मी म्हणाले.

“तेही नाही कळणार.”

आजही मला माहीत नाही. मी कॉलेजात वर्गावर असताना, भाकरी थापताना, कधीही ते मनात येतं. कान, दार, तो. बाहेरून कुणी काही वाजवत होतं का? दारातून नवरी जाते म्हणून? तो त्यांना ओळखीचा वाटला? मी आप्पांना नंतर खूपदा विचारलं. त्यांना ती दुपार आठवते की नाही, हेही मला कळलं नाही.

सिनेमा पुढच्या वर्षी लागला. नंदुरबारच्या थिएटरात दिग्दर्शकाने आम्हाला मधल्या रांगेत जागा ठेवल्या. आप्पांना चाकाच्या खुर्चीवरून आत नेलं तेव्हा लोक उठून उभे राहिले, काहींनी पाया पडून घेतलं. दिवे मालवले. पडद्यावर तापी आली, केळीची बाग आली, आणि क्लॅरिनेटचा पहिला सूर आला.

आप्पांनी मागे वळून पाहिलं. मग डावीकडे. तो आवाज कुठून येतोय ते शोधत होते. फार सुरेख वाजवलं होतं मुंबईच्या वादकाने, कुठे ओरखडा नव्हता. आप्पांची फुंक जराशी घासून यायची, कवळी आल्यानंतर तर जास्तच. ज्याने आप्पांना ऐकलं आहे त्याला पहिल्या सुराला कळलं असतं की हे आप्पा नाहीत. पण थिएटरात तसे आम्ही तिघंच होतो, आणि त्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं.

चुलीचा प्रसंग आला. सिनेमातल्या आजोबांनी क्लॅरिनेट आगीत फेकलं, लोक हळहळले, आणि आप्पा रडायला लागले. हुंदके देऊन. मागच्या रांगेतला माणूस बायकोला म्हणाला, “बघ, आठवलं त्यांना.” डॉक्टरांनी आम्हाला सांगितलेलं होतं की या आजारात रडू-हसू आपोआप फुटतं, त्याला कारण असेलच असं नाही. मी त्यांचा हात धरून बसले. आपल्या बापाला असं दाखवलेलं बघून ते रडत होते, की आगीत जळणाऱ्या वाद्यामुळे, की नुसतंच? त्यांच्या हातावरून तर काही कळत नव्हतं. तो नुसता गरम होता.

मध्यंतरानंतर एक छोटा प्रसंग होता. लग्न लागून गेलंय, मंडप रिकामा आहे, वरातीला अजून वेळ आहे. तो नट उपड्या ढोलावर बसलाय. क्लॅरिनेट मांडीवर. रीड सोडवून तोंडात धरलीय, ओली राहावी म्हणून, आणि कुठेतरी बघतोय. लांब पत्रावळी उचलल्याचा आवाज, कुणाचं तरी मूल रडतंय, आणि तो त्या रडण्यावर मांडीवरच बोटं हलवतो, सूर शोधल्यासारखी.  ते आप्पा होते. तसेच बसायचे, तसंच ऐकायचे. घरात कुकरची शिट्टी झाली तरी त्यांची बोटं हलायची. हे त्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं. आठवडाभर बसून त्याने ते पाहिलं होतं. आणि त्या तेवढ्या वेळात मला जे ऐकू आलं ते त्यांना ऐकू यायचं तेच होतं. एखाद्या वाजवणाऱ्याच्या सिनेमात आणखी काय लागतं? सगळा सिनेमा एवढाच असता तरी चाललं असतं.

मी आप्पांकडे वळले. माय त्यांना पाणी पाजत होती. ते हनुवटीवर सांडलं होतं, ती पदराने पुसत होती. दोघांनीही पडद्याकडे पाहिलं नाही. प्रसंग निघून गेला, आणि पडद्यावर आप्पा दारू प्यायला लागले.

सिनेमा बरा चालला. दिग्दर्शकाला नाव मिळालं. तो अजून दिवाळीला फोन करतो, मायशी बोलतो. आप्पांचे सत्कार झाले, शालींची चळत कपाटात मावेना. वर्गात एका मुलीने भीत भीत विचारलं, “मॅडम, तुमच्या वडिलांनी दारू कशी सोडली? माझ्या वडिलांना सांगायचंय.” मी तिला म्हणाले, अगं, ते कधी प्यायलेच नाहीत. तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, मॅडम लाजेने खोटं बोलतायत. मी मग तिच्याबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन चौकशी केली, कुठे उपचार होतात वगैरे. ती मला अजून भेटते. आप्पांनी दारू सोडली यावर तिचा विश्वास कायम आहे, आणि तो मी मोडत नाही.

लोक घरी येतात. रविवारी जास्त. आप्पांना बघून जातात, फोटो काढतात. मागे तळोद्याचं एक जोडपं आलं होतं. मी चहा घेऊन बाहेर आले तर माय सांगत होती, “गयथू ना. पोरले कडीवर लिसन गयथू. मिरच्या वाळाडाना दिन व्हतात.”

मी दारातच थांबले. मिरच्या वाळवायचे दिवस सिनेमात नव्हते. ते मायने स्वतः घातले होते. पुढे ती म्हणाली, माहेरी भावजयीने तोंड वाकडं केलं, तेव्हा परत आले. बाई डोळे पुसत होती. आप्पा खाटेवर टेकून सगळं ऐकत होते.

ते जोडपं गेल्यावर मी मायवर चिडले. “माय, तू कुठे गेली होतीस? काय सांगतेस लोकांना?”

माय कप गोळा करत होती. “नही म्हनस तं तासभर बठतस, बाई. पटतच नही त्यास्ले. हा म्हनं तं चहा पिसन चालना जातस.” मग कपांकडे बघत म्हणाली, “थकनू मी.”

तिच्याशी काय भांडणार? ती रोज आप्पांना उठवते, न्हाऊ घालते, त्यांचा हात चोळते. तिने काही दशकं ज्या माणसाला सोडलं नाही, त्याला सोडून गेल्याची गोष्ट तीच आता गावाला सांगते, कारण तेवढीच लवकर संपते. आणि ज्याच्यासमोर सांगते त्याला ती खोटी आहे हे माहीत आहे, किंवा एव्हाना नसेलही. कधी कधी मला वाटतं, त्यांच्या डोक्यातही आता सिनेमाच असेल. विचारायची सोय नाही.

गेल्या रविवारी नंदुरबारहून एक व्यापारी कुटुंब आलं. आप्पांसाठी पेढे आणले होते. माय मागे अंगणात होती. त्यातल्या वयस्कर बाईने माझ्याकडे पाहिलं, जरा वेळ पाहतच राहिली, आणि हलक्या आवाजात विचारलं, “सिनेमात कडेवर घेतलेली ती मुलगी तुम्हीच ना? केवढ्या होता हो तेव्हा?”

मी आप्पांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. ते ‘सांग यांना खरं’ म्हणत होते की ‘जाऊ दे’ म्हणत होते, की नुसतेच मुलीकडे बघत होते, मला ओळखू आलं नाही.

“लहान होते,” मी म्हणाले.

बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.